पश्चिमेची भिंत

बाबा, आज तुमच्या सिमेंटला छिन्नी लावली.

भूकंपात मठाची घंटा पडली, तिच्याभोवती सगळं गाव जमलं.
ही भिंत उभी होती, म्हणून वर्षभर कोणी बघितलंच नाही तिच्याकडे.
मग तव्याएवढा पापुद्रा सुटला
आणि आत दगड नव्हता,
दगडाचं पीठ होतं. लोणा चढलेलं, जिभेला खारट.

"श्वास कोंडला होता हिचा," रेफुहिओ म्हणाली.
मेक्सिकोहून आलीय ती, शहरातून. नखांत चुना, वहीत आकडे.
कोणी लिंपलं होतं, ते तिनं विचारलं नाही.

अठरा महिने चुना भिजतोय मठामागच्या खड्ड्यात,
वर चार बोटं पाणी.
थापी खुपसली की लोण्यासारखा चिकटून येतो आता.
निवडुंग दोन्या एउफेमिया आणते, काटे सोलून.
कोवळी पानं ताटात, जून पानं घागरीत;
सकाळी घागर कलती केली
की शेंबडासारखी तार लोंबते.
पोरं हसतात. मीही हसायचो.

"प्रमाण?" रेफुहिओ विचारते.
विटेचा चुरा दोन ओंजळी, आणि रस,
मिश्रण थापीवरून पडायला नको म्हणेल तेवढा.
ती लिहून घेते, "नको म्हणेल तेवढा."
मग खोडून लिटर लिहिते.

तेव्हा पोती आली होती ट्रकमधून,
राखाडी, कोरडी, दोन दिवसांत दगडाहून कडक.
अठरा महिने कोण थांबणार?
घरात आम्ही सहा जण, मजुरी रोजावर.
चुन्याचा कण न वापरता
भिंतीला चुना लावून गेला कंत्राटदार.
तुम्ही फक्त थापी धरली होती.

दुपारी कमानीखाली पोचलो.
तिथं पंजा उमटलेला, अंगठ्याचं एक पेर कमी,
आणि त्याच्या तळव्यात आणखी एक, लहान.
ते गारगार मला अजून आठवतं.

"एवढा तुकडा ठेवूया?" रेफुहिओ म्हणाली. आता तिला कळलं होतं.
मी म्हटलं, मागे दगड मरतोय.
छिन्नी तिरपी धरली, तुम्ही शिकवलीत तशी.

आता तिथं ओला गिलावा आहे, वर गोणपाट.
दिवसातून तीनदा पाणी शिंपडतो, तापकऱ्याला द्यावं तसं.
पुरता घट्ट व्हायला त्याला
माझ्याकडे उरलीत त्याहून जास्त वर्षं लागतील.

एउफेमियानं उरलेली पानं निखाऱ्यावर भाजली.
भिंतीलगत बसून खाल्ली, मीठ-मिरची लावून.
हात दोनदा धुतले.
बोटं अजून बुळबुळीतच आहेत.