आहेराच्या खालची ओळ

तासगावात, बेदाण्याच्या सौद्यांकडं जाणाऱ्या रस्त्याला
माझी छपाई. वीस वर्षं लग्नपत्रिका.
गणपती वर, मुहूर्त मधे,
आणि तळाला, फुलांच्या वेलीत, लेकरांची किलबिल:
'आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं!'
वेदिका, रुद्रांश, ज्ञानदा, पिल्लू.

त्या दिवशी ज्ञानदातला ज्ञ कॉम्प्युटरवर फुटत होता.
दोनदा पुसला, तिसऱ्यांदा बसला.
म्हणून ध्यानात राहिलं नाव.
एरवी शाई वाळते तशी वाळून जातात.

वरातीत जीपच्या बॉनेटवर चढून
नवऱ्याच्या दोस्तानं तीन बार काढले.
हौस. पंचनाम्यात काय असेल ते असो,
गल्लीत सगळे हौसच म्हणाले.
दोन गोळ्या कुठं गेल्या, कुणी विचारलं नाही.
तिसरी, घोडा दिसावा म्हणून
पाण्याच्या टाकीवर उभ्या राहिलेल्या
सात वर्षांच्या पोरीपर्यंत गेली.
बेंजो पुढं दोन चौक वाजतच होता.

दिवस झाल्यावर शाहीन मुल्ला दुकानात आली.
सरकारी दवाखान्यात सिस्टर. त्या रात्री तिचीच ड्युटी.
म्हणाली, 'ताई, तुम्ही आहेर आणू नये छापता ना,
त्याच्या खाली आणखी एक छापा.'

कृपया हत्यार आणू नये.

किती सोपं वाटलेलं आम्हाला.
पहिलं गिऱ्हाईक हसलं.
दुसऱ्यानं प्रूफावर लाल रेघ ओढली.
तिसरा म्हणाला, 'लग्न हाय का पोलीस चौकी?
आमच्या पाव्हण्यांना दरोडेखोर ठरवता व्हय?'
आणि पाचशे पत्रिकांची ऑर्डर उचलून मिरजेला गेला.

मग आम्ही कार्यालयवाले धरले, घोडेवाले धरले,
रविवार धरून गावोगाव फिरलो, सावळज, मणेराजुरी.
कवठेएकंदचा एक दारूकामवाला म्हणाला,
'बारच बघायचाय ना? दसऱ्याला या की आमच्यात,
डोळे भरून बघा.'
सोबत निवृत्त सुभेदार रंगराव झांबरे.
चहा बशीत ओततात आणि प्रत्येक दारात तेच सांगतात:
'रेंजवर एक रिकामी पुंगळी हरवली
तर आम्ही रात्रभर गवत चाळायचो.
इथं तुम्ही आख्खी गोळी आभाळात टाकता
आणि जेवायला बसता.'

रत्नप्रभा येते. ज्ञानदाची आई.
बोलत नाही. सह्यांची वही तिच्याकडं.
पेन देते, टोपण मुठीत धरून ठेवते
सही पुरी होईपर्यंत.

भाद्रपदात मामा आला, ज्याच्या लग्नाची ती वरात.
पिशवीत उरलेल्या त्रेचाळीस पत्रिका.
'जाळवत नाहीत. नदीत सोडवत नाहीत.
मागची बाजू कोरी हाय,
तुमच्या सभेला चालंल का?'
चालली. त्याच पाठीवर छापलं, वेळ, ठिकाण.
लोकांनी घरी नेऊन उलटून बघितलं असेल.
सभेला खुर्च्या कमी पडल्या,
म्हणजे वीस होत्या, तीस माणसं आली.

या सराईत दोनशे बारा पत्रिका छापल्या.
सदतिसांवर ओळ राहिली.
एकानं 'बारीक करा' म्हणून सांगितलं.
केली. चष्मा लावून वाचावी लागेल, पण आहे.
आणि मार्गशीर्षात शेजारच्याच गावात बार निघाले,
गोठ्याच्या पत्र्याला भोक पडलं,
दुसऱ्या दिवशी पोरं त्यातनं ऊन बघत होती.

काल एक जण प्रूफ बघायला आला.
ओळीवर बोट ठेवून म्हणाला,
'ह्याचं वेगळं पैसं?'
'नाही.'
'मग असू दे.'

तो गेल्यावर मी तळाची किलबिल वाचली,
मोठ्यानं, एकेका नावावर बोट ठेवत.
पाच लेकरं.
पुन्हा मोजली.
मग मशीन चालू केलं.