कुणाच्या मागं

लेक पुण्याहून आली, माझ्या फोनवर बोट फिरवलं,
म्हणाली, आई, झालं. आता कुणाला फॉलो करायचं ते तू ठरव.
आणि दुपारच्या रेल्वेनं गेलीसुद्धा.

फॉलो म्हणजे मागं जाणं. तेवढं कळतं मला.
आजवर पुष्कळांच्या मागं गेले :
सात पावलं एकाच्या,
आठ वर्षांची असताना काळी फीत लावून मोर्चाच्या,
आईचा पदर धरून; घोषणा पाठ होत्या, फितीची टाचणी टोचत होती;
रॉकेलच्या रांगेत पुढच्या बाईच्या अंबाड्यामागं,
बेळगावच्या दवाखान्यात स्ट्रेचरमागं.
पण ठरव, असं कुणी म्हटलं नव्हतं.

मशीनवर अर्धा ब्लाऊज, सुई खाली रुतलेली,
आणि मी खानापूरच्या स्टेशन रोडला खोपटात बसून
माणसं निवडतेय, मेथी निवडावी तशी.

पहिला आला वैजू, थोरल्या दिरांचा. गॉगल, मागं झेंडा.
त्याला नाही म्हणायची सोय नाही.
इथलं फॉलो म्हणजे आहेराची वही,
कुणी किती घातला ते दुसऱ्या दिवशी गल्लीत वाचतात.
घातला.
नोव्हेंबरात त्यानं व्हिडिओ टाकला :
बघा, कसे मारतात आपल्याला.
तोच रस्ता, बसच्या काचेवर तोच दगड,
दुसऱ्या कुणी कानडीत टाकलेला. खाली अक्षरं जोडून वाचलं :
बघा, कसे मारतात आपल्याला.
मी रस्त्यावर पडलेली चप्पल ओळखली,
डाव्या पायाची, अंगठा तुटलेली.
कुणाची, ते दोघांनीही लिहिलं नव्हतं.

वैजूला काढला नाही. आवाज तेवढा बंद केला.
घरी येतो तेव्हाही तसंच करते,
तो बोलतो, मी काजं करते.

जांबोटीचा एक पोरगा रोज रस्त्यातला एक खड्डा टाकतो,
आत पाण्याची बाटली उभी करून, माप कळावं म्हणून.
शिवी नाही, भाषण नाही. खड्डा क्रमांक एकशे बारा.
त्याला विचार न करता घेतलं.

मग कुसुम देसूरकर आली. शेजारच्या मशीनवरची.
हसतेय. स्वतःच शिवलेला मोरपंखी ब्लाऊज.
जाऊन चार वर्षं झाली.
फोनला कुणी कळवलं नाही.
मेलेल्याला फॉलो करायचं का?
तसं जायचंच आहे की एक दिवस तिच्या मागं,
घाई काय, म्हटलं, आणि वर सरकवलं.
रात्री उठून परत शोधलं,
सतरा देसूरकर निघाल्या, ती नाही.

आता उरली बैलहोंगलची नीलव्वा.
तोंड मी बघितलेलं नाही. फक्त हात,
हिरव्या बांगड्या, आणि खणाची बाही.
हिंग नोड्री, म्हणते, आणि कात्री अशी वळवते
की काखेत चूण पडत नाही.
माझ्या बाहीला तीस वर्षं पडते.
गिऱ्हाइकं बोलत नाहीत. मला दिसते.

वैजूला कळणारच, काकूनं कुणाला घेतलं.
विचारेल, मराठी शिंपिणी मेल्या काय गं?
एक मेली की रे, म्हणेन.
तुझ्या लक्षात नसेल.

साडेनऊला लोंढ्याकडची गाडी गेली,
टेबल थरथरलं, टाचण्यांची डबी कडेला सरकली.
चौथ्यांदा लावला व्हिडिओ, वर्तमानपत्रावर बाही कापली,
उलटी झाली. परत लावला.
हिंग नोड्री.
बघतेय की गं, जरा हळू.