पाचवी पाटी

माझं काम टेबलावरचं. पेन, कार्बन, स्कोअरशीट
आणि एक ते पाच आकड्यांच्या पाट्या.
ज्याचा जितवा फाउल, तितवी पाटी वर.
पाचवी लाल.
बावीस वर्षं करतोय, चहा आणि एका टोपीवर.

बडोद्यातली कॉलेजांची फायनल. अकरा नंबर, मकबूल सिदी.
समोरच्या कॉलेजचे सर आधीच टेबलाशी आले,
आवाज खाली आणून : परदेशी मुलगा चालतो का हो नियमात?
मकबूलनं पिशवीतून आधारकार्ड काढलं,
कंडक्टर दिसला की पास काढावा
तसं, न बोलता.
रतनपूर, तालुका झगडिया, जिल्हा भरूच.
सरांनी ते उन्हात धरून पाहिलं.
नाही, म्हणजे नियम सगळ्यांना सारखा, म्हणाले.
बाकी तेवीस जणांचं कार्ड कुणी मागितलं नाही.
मीसुद्धा.

त्यानं उडी मारली की पायऱ्यांवरून ऐकू यायचं,
ह्यांच्या रक्तातच असतं.
आपल्या पोरांवर अन्यायच आहे हा.

माझी गॅलरी ह्याच कोर्टाच्या मागे.
पहाटे पाचला चेंडू सुरू होतो :
टप टप टप, मग श्वासाएवढी शांतता,
मग रिंगचा खणखणाट. पुन्हा टप टप.
बायको म्हणते, हा पोरगा झोपू देईना.
रक्ताचा एवढा आवाज होत नाही.

दुसऱ्या क्वार्टरलाच त्याचा तिसरा.
त्याच्या बरगडीत कोपर बसलं तेव्हा
पंच म्हणाले, चालू द्या, चालू द्या.
मी लिहीत गेलो, चौकटीत चौकट.
स्कोअररला मत नसतं
हे मी आजवर मिरवत आलोय.

पणजोबा साताऱ्याहून आले, गायकवाडांच्या कचेरीत कारकून.
दांडिया बाजारात चौथी पिढी आमची,
तरी शेजारी म्हणतो, तमे तो मराठी,
आणि पुण्याचा मेव्हणा, तुम्ही गुजराथी लोक.
दोघांनाही हसून दाखवतो.
वाटायचं, आपल्याला कळतं हे.
पण माझं कार्ड
कधी कुणी उन्हात धरलं नाही.

शेवटची तीन मिनिटं, एका गुणाचा फरक.
तो नुसता उभा होता, हात सरळ वर.
शिट्टी.
सगळं मैदान माझ्या हाताकडे बघू लागलं.
पाटी उचलायला मला उशीर झाला,
पण उचलली.
तो बाकावर गेला आणि बांधलेल्याच नाड्या
सोडून पुन्हा बांधत बसला.

रात्री लोक सेवउसळीच्या गाडीकडे गेले,
मी कार्बनच्या प्रती वेगळ्या करत होतो.
तो आला. काका, कागद जोउं?
आपल्या नावापुढची एकेक चौकट
बोटानं मोजत गेला,
पाचपर्यंत.
मग कागद माझ्याकडे सरकवून म्हणाला,
बराबर लख्युं छे.