वर्धनगडवाले पुढं या

साताऱ्याच्या स्टँडवर सकाळी सातला
आप्पांनी पाटी न वाचताच गाडी ओळखली,
इंजिनाच्या खोकल्यावरून.
माझं बाई म्हणून अर्धं, त्यांचं ज्येष्ठ म्हणून अर्धं.
"दोघांत मिळून एक माणूस," ते म्हणाले
आणि खिडकी मला दिली.

कंडक्टर पोरगेला होता. त्याचं मशीन
कुरकुरत कागदाची जीभ बाहेर काढायचं.
आप्पा त्या जिभेकडं बघत राहिले.
त्यांच्या अंगठ्याला अजून घट्टा आहे, पंचाचा.
एकतीस वर्षं याच रस्त्यानं
सीटच्या दांडीला कंबर टेकून
ते ओरडत आले, वर्धनगड, वर्धनगडवाले पुढं या.
किती जणांना उतरवलं असेल.
स्वतः कधी उतरले नाहीत.
घंटी दोनदा, की गाडी पुसेगावकडं.

कोरेगाव मागं पडलं. खळ्यांवर घेवडा वाळत होता.
तेवढ्यात दादाचा फोटो आला, जर्मनीतला किल्ला,
पायथ्याला लाल कौलांचं गाव,
वर जायला रुळांवरची डबी, माणशी नऊ युरो.
आप्पांनी चष्मा कपाळावर ढकलून बघितलं.
"झाडलोट चांगली आहे.
हाफ तिकीट आहे का विचार."

घाट लागला तसे ते ओठांतल्या ओठांत पुटपुटू लागले.
मला वाटलं स्तोत्र.
भाड्याचे टप्पे होते, जुन्या दरानं.

गाव तटाच्या आतच राहतं.
वेशीतल्या तोफेवर कुणाची गोधडी वाळत होती,
दरवाज्यातून दुधाच्या किटल्यांची मोटरसायकल आली,
आम्ही सरकलो.
पहिल्याच घराशी आप्पांनी हाक दिली, "पाणी मिळंल का?"
म्हातारी बाहेर आली, यसाबाई,
तांब्या हातातच धरून म्हणाली,
"आवाज वळखला. वडूज गाडीचं कंडक्टर न्हवं?
माजं तीन रुपयं ऱ्हायल्यात."

तिकिटामागं लिहून दिले होते म्हणे, सुट्टे नव्हते तेव्हा.
तिकीट कुठं आहे?
चुलीत गेलं. आकडा नाही गेला.
आप्पांचा हात आधी कुशीकडं गेला,
जिथं चामडी बॅग असायची.
मग खिशात. पाचाचं नाणं निघालं.
"दोन माझे राहिले."
"उतरताना न्या की," यसाबाई म्हणाली
आणि मग पाणी दिलं.

चढ फार नाही, पण ते गुडघ्यांना कोण सांगणार.
दर थोड्या वेळानं आप्पा थांबायचे,
"विनंती थांबा," म्हणायचे, श्वास घ्यायचे.
गडाच्या दरवाज्याशी त्यांनी दगडाला हात लावला,
देवळात लावतात तसा नाही,
चालत्या गाडीत दांडी धरतात तसा.

मी बुरूज बघितले, टाकं बघितलं, वर्धनीदेवीला नारळ फोडला.
ते तटावर बसून रस्ता बघत होते.
वरून रस्ता करदोट्याएवढा,
आणि त्यावर काडीच्या गुलाएवढी तांबडी गाडी.
"अकराची. वीस मिनिटं लेट आहे."
मग बराच वेळ काही नाही.
मी खोबऱ्याचा तुकडा पुढं केला, त्यांनी नुसता धरला.
"ते खालचं वळण बघ. संध्याकाळच्या फेरीला
तिथं आल्यावर गाडीत अंधारून यायचं,
पैसे दिसायचे नाहीत मोजताना.
मला कायम वाटायचं, ढग आहे."
खोबरं तोंडात टाकलं.
"गडाची सावली होती गं ती."

उतरलो तेव्हा यसाबाईच्या दाराला कुलूप होतं.
शेजारीण म्हणाली, रानात गेली, दिवेलागणीला येईल.
आमची गाडी त्याआधीची.
आप्पांनी माझं तिकीट मागून घेतलं,
पायरीवर बसून, मांडीवर ठेवून, मागं लिहिलं:
रु. २ येणे. सही. खाली बिल्ला नंबर.
चौकटीच्या फटीत खोचलं.

मशीनची शाई महिन्याभरात उडते, मला ठाऊक होतं.
गाव, तारीख, भाडं, सगळं कोरं होईल.
पेननं लिहिलेलं तेवढं राहील.