कारण : वादळ

भादव्यात धानोऱ्याच्या सागवनात
रात्रभर टिपटिप वाजत होतं.
दसरू कोवेनं चौकीबाहेर हात धरला, कोरडा मागे घेतला.
‘पानी नोहे बाई,
अळ्यांची लेंडी पडून राह्यली.’

दिवाळीपर्यंत पानांची नुसती जाळी उरली,
एक पान डोळ्यांसमोर धरलं
तर पलीकडची टेकडी दिसे.

मग वैशाखात अर्ध्या तासाचं वायधन.
एकशे बारा झाडं आडवी.
रकान्यात एकच शब्द मावतो,
मी लिहिलं : वादळ.

शिक्क्याचा हातोडा मारला
तर तो बुंध्यात शिरला, भुशात,
माझ्या मनगटासकट.

दसरूनं पडल्या खोडाला कान लावला.
‘अजून कोनी जेवून राह्यलं आत.
थांबा जरा.’