न भिजणारं कापड

अकरावीच्या सुट्टीत मी घरभर
पाण्याला झिडकारणाऱ्या गोष्टी शोधत होतो.

वृषालीच्या केसांचं सीरम:
बाटलीमागच्या बारीक अक्षरांत सापडलं डायमेथिकोन.
काचेवर चोळलं, थेंब गोल झाला,
मला दोन दिवस बोलणी बसली.
बुटाचं पॉलिश, लाइट गेल्यावरची मेणबत्ती,
द्वारकेच्या गॅरेजातून जमीलने दिलेलं
गाडीच्या काचेचं अर्धं झाकण औषध.
पिंपळगावहून मामाने आणलेली द्राक्षं तर
न शिकताच पास:
बोट न लागलेल्या मण्यावरची पांढुरकी लव
थेंबाला टेकूच देत नव्हती.
वृषालीने तो मणी पुसून खाल्ला.

खैरनार सर म्हणाले, अरे, तुरटी आणि साबण.
तुझ्या तर घरचाच धंदा.

खरंच की.
अण्णांच्या पेटीत, वस्तऱ्याच्या अलीकडे पलीकडे,
दोघं वीस वर्षं बसून होते.
कुणी ओळख करून दिली नव्हती.

गरम पाण्यात साबण किसला,
अण्णांचं पांढरं कापड त्यात बुडवलं, पिळलं,
मग तुरटीच्या पाण्यात.
पाणी दुधासारखं नासलं.
ते नासलेलंच धाग्यांत जाऊन बसतं, असं सर म्हणाले होते.
वाळवलं, इस्त्री फिरवली,
वर चमचाभर पाणी टाकलं.
पारा! अगदी पारा!
आई कणकेच्या हातांनी बघायला आली.

अण्णांनी ते रामकुंडावर नेलं.
दहाव्याला आलेल्यांची डोकी करतात ते.
एक झटका दिला की केस, पाणी, सगळं खाली.
शेजारी बसणारा रंगनाथ म्हणाला, मलाही एक दे करून.
चार दिवस मी शास्त्रज्ञ होतो.

पाचव्या दिवशी घडी घालून परत आणलं.
रात्री ताटाकडे बघत म्हणाले,
सकाळी एक पोरगा होता, तुझ्याएवढा.
बापाचा दहावा.
मान खाली घालून बसला होता,
आवाज नाही काही नाही,
पण एकेक थेंब कापडावर गोळी होऊन
घरंगळत यायचा माझ्या पायावर.
त्यालाही दिसत होतं ते.
जुनं कापड असतं
तर तिथल्या तिथे मुरलं असतं.

मग त्यांनी भात मागितला.

कापड आता माझ्या सायकलच्या सीटवर असतं.
अजून पाणी धरत नाही.
आम्ही कुणी ते धुतलेलंही नाही.