पाय निघेना

ड्रेस्डेनच्या बाहेर, पाइनच्या रानात,
बसच्या शेवटच्या थांब्यापुढे एक हॉल आहे.
तिथे कपाटांएवढे कपॅसिटर
दुपारपासून वीज पीत बसलेत.

कॉइलच्या पोटात, द्रव हेलियमच्या गारठ्यात,
सेरियमच्या संयुगाचा एक खडा,
बाजरीच्या दाण्याहून लहान.
फ्राउकेनं श्वास रोखून
चांदीच्या लेपानं चार तारा डकवलेत त्याला.

एरवी इलेक्ट्रॉन म्हणजे
जवळजवळ बिनवजनाचा वाटसरू.
पण या खड्यात दर सेरियमपाशी
एकेक घरकोंबडा बसलेला असतो,
उंबरा न ओलांडणारा.
ऊब असेपर्यंत कुणी कुणाला विचारत नाही;
येणारा धडकतो, वळतो, जातो.
थंडी हाडांत शिरली की मात्र
दारोदार थांबणं आलं,
"बसा जरा" आलं,
निघतो निघतो म्हणताना पुन्हा अर्धा तास.
असा तो जड होतो,
शेकडो पटींनी,
अंगाला एक कणही न चिकटता.
पाय निघत नाही, एवढंच.

कॉइल सांभाळणारा हांद्री हे ऐकून म्हणाला,
"म्हणजे माझी आई."

ब्र्याझिनात ती पाव आणायला जायची
तर चाळीस मिनिटं.
बेकरी दोनशे पावलांवर.
मधे तेरा दारं, एक बहिरा लोहार,
आणि एक गाय, तिचंही काही म्हणणं असायचं.
मग गावाखाली तपकिरी कोळसा निघाला.
खाणीच्या चाकानं चर्चची पायरीसुद्धा ठेवली नाही.
लोकांना नवी वसाहत मिळाली,
सरळ रस्ते, चोवीस तास गरम पाणी,
सगळ्या घरांची तोंडं दक्षिणेला.
आता ती आठ मिनिटांत परत येते.
पाव अजून गरम असतो.
"लोक म्हणतात, म्हातारी किती हलकी चालते."
हे सगळं त्यानं जर्मनमध्ये सांगितलं,
पावाला तेवढं ख्ल्येब म्हणाला.

लाल दिवा.
दार आपलं आपण बंद झालं, सगळे काचेपलीकडे.
धाड.
सेकंदाच्या सातव्या हिश्शात
साठ टेस्ला चढले आणि उतरले.
पडद्यावर आधी संथ, दबलेल्या लाटा,
पस्तिशीच्या आसपास एक पायरी,
आणि पुढे लाटा वेगळ्याच, उसळत्या.
"इथे सुटले," फ्राउके म्हणाली.
घरकोंबडे सगळे एकाच दिशेला तोंड करून
ताठ उभे राहिले होते,
कुणी कुणाला हाक मारेना,
आणि वाटसरू मोकळा.
वजन किती उरलं
ते आणखी तीन तापमानांनंतर कळेल.
तिनं डबा उघडला,
गार बटाटे उभ्यानंच खाल्ले.

हांद्री उतरणीची बाजू बघत होता.
क्षेत्र ओसरताना
ते पुन्हा जड झाले होते,
जिथे सुटले तिथे नाही,
जरा खाली, जरा उशिरा,
कुणी कडी काढायला वेळ लावावा तसे.
पण झाले.
"झाले ना?" त्यानं दोनदा विचारलं.
"होतातच. दर वेळी."

कॉइल निवायला अडीच तास.
त्यानं वहीत वेळ लिहिली,
नायट्रोजनची वाफ बुटांवरून जाऊ दिली
आणि आईला फोन लावला.

पहिल्याच घंटेला उचलला तिनं.